कापराच्या दोन वड्या

या, असे पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेले, तुम्हीपण जरा जवळ या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कीर्तनात बुवा अभंगाचं निरूपण करता करता मध्येच थांबतात, उपरणं सावरतात आणि असा काही दृष्टांत काढतात की पखवाजावरचा हातसुद्धा आपोआप थांबतो. तशी एक गोष्ट आज सांगतो. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. कापराच्या दोन वड्या आहेत, डोळ्याला टोक न दिसणारी एक सुई आहे आणि आणे गावच्या पठारावरची एक लेक आहे. बसलात? मग ऐका.

लेकीचं नाव प्राची. वडील हौशीराम, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवणारे. आई शीला, घाटाखालच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आठ वर्षं राबलेली. त्या शेडमधल्या अमोनियाच्या वासानं आईचे डोळे संध्याकाळी डाळिंबासारखे लाल व्हायचे आणि खोकल्यानं झोप उडायची. प्राचीनं लहानपणी ते पाहिलं आणि पुढं पुण्याला पीएचडी करायला गेली तेव्हा विषय निवडला तोही त्यातूनच आला. शेडमध्ये अमोनिया वाढला की वेळेवर सांगेल असा एक थर तिला करायचा होता.

आता हा थर म्हणजे काय, ते सांगतो. तांब्याचे अणू आणि एका आम्लाचे रेणू एकमेकांना हात देऊन उभे राहतात आणि त्यांची जाळी तयार होते. लॅबमधली पोरं तिला नुसतं मॉफ म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. भोक एवढं लहान की त्यात हवेतला एखादा रेणू पाहुण्यासारखा येऊन बसावा. प्राची नखाएवढ्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या चकत्या घ्यायची. एक बुडी तांब्याच्या पाण्यात, मग स्पिरिटनं धुणं, एक बुडी आम्लाच्या पाण्यात, परत धुणं. अशी एकशेआठ आवर्तनं. शंभरांनी भागलं असतं, पण माळेचे मणी मोजत वाढलेल्या घरातली पोर ती! एवढं सगळं करून थर किती जाड व्हायचा? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चारशे थर बसतील.

सहा वर्षं यात गेली. एक लेख छापून आला, त्यात तिनं लिहिलं होतं, थर सगळीकडे सारखा आहे आणि त्याची भोकं मोकळी आहेत. त्या लेखाच्या जोरावर परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं पुढची जागासुद्धा कबूल केली. पण प्रबंध तपासणाऱ्या समितीत एक खट म्हातारे होते. ते म्हणाले, "तुम्ही सगळ्या चकतीची मिळून सरासरी दाखवताय. गावाची सरासरी काढली तर प्रत्येकाच्या दारात अर्धा बैल येतो, म्हणून नांगर चालतो का? मला दारोदार बघून सांगा."

दारोदार बघणारं यंत्र पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत होतं. आठ महिने थांबल्यावर त्याच्यावरचा एक दिवस प्राचीला मिळाला. सोमवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्यानंतर यंत्राचं डोकं दुरुस्तीला परदेशी जाणार होतं. आणि प्रबंध द्यायला उरले होते दहा दिवस. सहा वर्षांची मुदत एकदा वाढवून झालेली, दुसऱ्यांदा वाढत नाही. म्हणजे त्या सात तासांत काय दिसतं, त्यावर पोरीचं सगळं उभं होतं.

चकत्या शुक्रवारी तयार झाल्या. रविवारी गावच्या सप्त्याचं काल्याचं कीर्तन. "काल्याला तरी ये गं," म्हणून हौशीरामांचे तीन फोन झालेले. लॅबमध्ये चकत्या ठेवायला जिवावर आलं, म्हणून तिनं त्या स्टीलच्या डब्यात कापसावर ठेवल्या, ओल धरू नये म्हणून चार पांढऱ्या पुड्या टाकल्या आणि डबा छातीशी धरून शनिवारी एसटीनं आण्याला आली. घरात शिरताच तिनं डबा कोनाड्यात, पेटीच्या शेजारी ठेवला.

"तात्या, याला कुणी हात लावायचा नाही. माझा जीव आहे यात. लई जपा."

"जपतो की," हौशीराम म्हणाले.

काल्याचं कीर्तन रंगलं. बुवांनी दहीहंडी फोडली, लाह्यांचा प्रसाद उधळला, आरतीला एवढा कापूर जळला की सगळ्या गावाच्या कपड्यांना त्याचा वास बसला. सोमवारी पहाटेच्या गाडीनं प्राची डबा घेऊन पुण्याला परतली.

यंत्रावर होता तौहीद. पस्तिशीचा, जुन्नरच्या कागद्यांच्या घरातला. त्याच्या पणजोबांपर्यंत घरात हातकागद व्हायचा. नाव-गाव विचारून झालं तसा तो हसला.

"आण्याच्या व्हय! ताई, तुमच्याकडं म्हणं पावण्याला पाणी विचारत नाहीत, डायरेक चहा देतात. चहाला पाणी कमी लागतं."

"आणि तुमच्या जुन्नरला नुसतं पाणी विचारतात," प्राची म्हणाली, "चहा देतच नाहीत."

"बरोबर आहे राव. धरणं आमच्याकडं, दूध तुमच्याकडं!"

प्राचीनं डबा उघडला. कापराचा वास आला. आपल्याच ओढणीचा असेल, असं तिला वाटलं. तौहीदनं चिमट्यानं एक चकती उचलून यंत्रात बसवली.

हे यंत्र करतं काय? तंबोऱ्याची एक तार छेडली की त्याच सुरात लावलेली दुसरी तार न छेडता बोलते, हे तुम्ही ऐकलंय ना? रेणूंचंही तसंच असतं. प्रत्येक जोडाचा आपला एक सूर असतो. डोळ्याला न दिसणारा उष्ण प्रकाश त्यांच्यावर टाकायचा आणि त्याचा सूर वरखाली करत न्यायचा. ज्याचा सूर जुळला तो जोड उष्णता पितो आणि तिथला थर किंचित फुगतो. किती किंचित, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही. पण थरावर एक सुई टेकलेली असते, वाजणाऱ्या पखवाजाच्या पानावर हलकेच बोट ठेवावं तशी. थर फुगला की सुई उडी मारते. सुई उडाली त्या जागी कोण बसलाय ते कळतं. मग सुई एक पाऊल पुढं, परत तेच. दारोदार.

साडेअकराला पहिली रेघ पडद्यावर उमटली. प्राचीच्या ओळखीचे सगळे सूर जिथल्या तिथं होते. तांब्याच्या जाळीचे तिन्ही उंचवटे पाहून तिनं डोळे मिटून हात जोडले. उघडले तर त्यांच्या पलीकडं, सतराशे चाळीसच्या आकड्यावर, एक टोकदार उंचवटा उभा.

"हा पावणा कोण?" तौहीदनं विचारलं.

"माहीत नाही," प्राची म्हणाली.

दुसरी जागा पाहिली, तिथंही तो. दुसरी चकती लावली. तिच्यातही. तिसरीतही. दोन वाजले. थर बनवताना असा सूर देणारं काहीच वापरलेलं नव्हतं. सहा वर्षांत हा सूर तिला कधी दिसला नव्हता. आता परीक्षकापुढं काय ठेवायचं? माझ्या थरात कोण शिरलंय ते मलाच माहीत नाही, असं? चकत्या तापवून निर्वातात ठेवल्या तर पाहुणा निघून जाईल, पण त्याला अख्खी रात्र लागते आणि हातात तीन तास होते. ती खुर्चीत पुढं झुकली, कपाळ हातांवर टेकलं आणि तेव्हा ओढणीचा वास नाकात भरला.

तिनं डबा ओढला. कापूस उचलला. खाली, एका स्वच्छ फडक्याच्या तुकड्यात, कापराच्या दोन वड्या होत्या. कडांनी झिजून चपट्या झालेल्या.

जे उडून गेलं होतं ते कुठं गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भोकंच भोकं असलेला, वास पकडण्यासाठीच केलेला थर दोन रात्री कापराच्या डब्यात बंद होता.

तिनं घरी फोन लावला.

"तात्या, माझ्या डब्यात तुम्ही काही ठेवलं?"

"व्हय. दोन वड्या, कापसाखाली," हौशीराम लगेच म्हणाले. आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. "फडकं धुतलेलं व्हतं बरं का."

"कुणी सांगितलं होतं?"

"तूच म्हनली ना लई जपा म्हनून. आत तुझ्या पुड्या दिसल्या, म्हनलं किडीसाठीच असतील. पेटीत बी मी हेच ठेवतो. चाळीस वर्सं भात्याला कसर न्हाई लागली."

"पेटी!" प्राची ओरडली. तौहीद उठून खिडकीपाशी गेला. "तुमची ती पेटी आणि माझं काम एकच आहे का, तात्या? सहा वर्षं! आठ महिने या एका दिवसाची वाट बघितली मी. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? वाटोळं केलंत तुम्ही माझं."

मागून आईचा आवाज आला, "काय झालं हो? काय म्हनती?" मग हौशीराम एवढंच म्हणाले, "मंग आता काय करायचं गं?"

तिनं फोन कापला.

मंडळी, हातातून सगळं गेल्यावर माणूस रडतो असं आपण म्हणतो. प्राची रडली नाही. ती तीन चकत्यांकडं नुसती बघत बसली. मोरपिसाच्या डोळ्यासारख्या निळ्या, सुंदर दिसत होत्या त्या. तिला वाटलं, उठावं आणि खिडकीतून फेकून द्याव्या. तौहीदनं चहा आणून पुढं ठेवला.

"घ्या. आण्याच्या पद्धतीनं आणलाय, पाणी कमी."

तिनं कप घेतला नाही.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "आमची दादी बिबिजान सांगायची. कागद झाला की त्याला खळ लावायची अन् दगडानं घोटायचा. वरून सगळा सारखाच चकचकीत. खळ कुठं बसली अन् कुठं नाय, डोळ्याला दिसायचं नाय. मग पणजोबा गठ्ठ्यातला एक कागद काढून त्याच्यावर शाई शिंपडायचे. जिथं खळ नाय तिथं शाई आत शिरून पसरायची. जिथं भोकं बुजलीत तिथं थेंब वरच. तो एक कागद वाया जायचा, पण सगळा गठ्ठा कळायचा."

"मग?"

"मग तुमच्या तात्यांनी शाईच शिंपडलीय की. कापूर जिथं शिरला तिथलं दार उघडं. शिरला नाय तिथलं बंद. तुम्ही सकाळी सांगितलंत त्या म्हाताऱ्याला हेच बघायचंय ना, दारं उघडी का बंद?"

प्राचीनं मान वर केली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दोघं कामाला लागले. आधी जाळीच्या सुरावर सुई लावली आणि एक चौकोन रेघ-रेघ करत पालथा घातला. जाळी सगळीकडं होती. सूर मिळेल ती जागा पांढरी, नाही ती काळी; हा चौकोन पांढराफटक. मग तोच चौकोन, कापराच्या सुरावर. एकेक रेघ उतरायला वेळ लागत होता. चार वाजले. सव्वाचार. प्राचीच्या ओठांवर नामाचं पुटपुटणं चाललं होतं आणि नजर पडद्यावर खिळलेली. "विठ्ठला, सगळा पांढरा येऊ दे. फक्त सगळा पांढरा येऊ दे."

चित्र आलं ते बिबट्याच्या कातड्यासारखं. पांढऱ्यावर काळे ठिपके. लहान, मोठे, एकमेकांना चिकटलेले. निम्मा थर बंद होता.

"एखाद दुसरी जागा अशी असेल," ती म्हणाली. दुसरी जागा घेतली. तीच गत.

"काळ्यात सुई ठेवून बघू, काय अडकलंय," तौहीद म्हणाला. काळ्या ठिपक्यावर सुई टेकली. कापराचा उंचवटा तिथं नव्हता. त्याच्या अलीकडं, सतराशे दहाच्या आसपास, एक बुटका फुगवटा होता. हा मात्र प्राचीच्या ओळखीचा निघाला. न धुतलेलं आम्ल. धुताना निघून जायला हवं होतं, ते भोकांत अडकून वाळलेलं.

तिला आपला हात आठवला. पिचकारीनं स्पिरिट सोडणारा हात. पुस्तकात लिहिलंय, भरपूर धुवा. तिनं दर वेळी चकतीवरून एक बारीक धार फिरवली होती, आणि खाली थेंबभर सांडलं तरी लगेच पिचकारी आवरती घेतली होती. बाकीची पोरं भडाभडा ओतायची, त्यांचा तिला राग यायचा. पठारावर टँकरच्या एका हंड्यात घरची भांडी निघतात. तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय होतात आणि उरलेलं तुळशीला जातं. एकशेआठ आवर्तनं, सहा वर्षं, शेकडो चकत्या. हात पठाराचाच राहिला.

कापूर कालपरवाचा होता. हे आम्ल तिचं होतं. पहिल्या चकतीपासूनचं.

"पावणेपाच," तौहीद हळू म्हणाला.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक जागा होती, जिथं एकही काळा ठिपका नव्हता. प्राचीनं माउसनं तिच्याभोवती चौकट ओढली. चौकटीतलं सगळं पांढरं. एवढाच तुकडा कापून प्रबंधात टाकला तर लेख खरा, परदेशची जागा खरी, म्हातारे गप्प. कापूर मुद्दाम घातला होता, असं लिहिलं की झालं. कोण येणार होतं बघायला? यंत्राचं डोकं उद्या विमानात बसणार.

तौहीदनं ती चौकट पाहिली आणि काही न बोलता पडद्यावरून नजर काढून सुया आवरायला घेतल्या.

तिचं बोट बटणावर होतं. आणि कानात तात्यांचा आवाज होता. व्हय. दोन वड्या, कापसाखाली. विचारल्याबरोबर सांगितलं होतं त्यांनी. आढेवेढे नाहीत, 'कोण जाणे' नाही, 'उंदरानं ठेवल्या असतील' नाही.

तिनं चौकट पुसली आणि अख्खं चित्र ठेवून घेतलं. मग चिमट्यानं तिसरी चकती डब्यात ठेवली. झाकण तौहीदनं लावलं.

पुढचे दहा दिवस सांगण्यासारखे नाहीत. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मग आधीच्या लेखाचं काय?" प्राची म्हणाली, "मागं घेऊ." मॅडम दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. प्रबंधातली दोन प्रकरणं काढावी लागली. उरलेल्यांत तिनं बिबट्याच्या कातड्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, थर निम्मा बंद आहे, कारण माझं धुणं अपुरं होतं. कापूर चुकून शिरला आणि त्यानं हे दाखवलं. परदेशच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं, चार ओळींचं, फार सभ्य. जागा गेली. प्रबंध मात्र शेवटच्या दिवशी दुपारी कचेरीत पोचला.

या दहा दिवसांत तिनं घरी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आईनं उचलला.

अकराव्या दिवशी ती आण्याला गेली. दुपारची वेळ, ऊन रखरखीत. हौशीराम ओट्यावर बसून टाळांची दोरी ओवत होते. लेकीला पाहून उठले, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला.

"पेटी नाही का वाजवत?" तिनं आईला हळूच विचारलं.

"तुझ्या त्या फोनपासनं उघडलीच न्हाई," शीला म्हणाली. "एकादशीला बी टाळच घेऊन गेले. मंडळातली मान्सं इचारून दमली."

प्राचीनं कोनाड्यातली पेटी खाली घेतली आणि झाकण उघडलं. जुन्या लाकडाचा वास आला. नुसत्या लाकडाचा. तिच्या जन्मापासून या पेटीतून कधी कापराशिवाय वास आला नव्हता.

"काढून टाकला मी," हौशीराम दारातून म्हणाले. "म्हनलं, आपल्याला काय कळतंय. पेटीला बी आतून काय करत असंल, कुनाला ठाव."

त्यांच्या तोंडून आपलेच शब्द ऐकून प्राची खाली बसली. आता ती रडली. आई धावली, पण तिनं आईचा हात बाजूला केला.

"तात्या, तुमच्या कापरानं काही बिघडवलं नाही. बिघडलेलं ते आधीच होतं. मी नीट धुतलंच नव्हतं. भरपूर धुवायचं होतं तिथं मी चमचाभर वापरत आले. मला ओतवेना."

हौशीराम दारातून आत आले. मग तिच्यासमोर बैठक मारून बसले.

"सहा वर्सं?"

"सहा वर्षं."

"मंग ती आमचीच शिकवन," ते म्हणाले. "तू चार वर्सांची व्हती. तांब्या लवंडला म्हनून मी तुला मारलं व्हतं. तुला आठवत नसंल. मला आठवतंय."

तिला आठवत नव्हतं. दोघं पेटीकडं बघत बसले. मग प्राची उठली, देवघरातून कापराची डबी घेऊन आली, ओढणीच्या टोकानं भात्याखालची जागा पुसली आणि दोन वड्या जिथल्या तिथं ठेवल्या. हौशीरामांनी भाता एकदा हलकेच दाबला. सूर लावला नाही. नुसती हवा बाहेर आली, कापराच्या वासाची.

मंडळी, पदवीचं अजून ठरायचंय. प्राची लॅबमध्ये नवीन चकत्या बुडवतेय आणि डोळे मिटून ओततेय म्हणे, कारण उघड्या डोळ्यांनी अजून ओतवत नाही.

एक मागणं आहे. तुमच्या गावी सप्ता बसेल, बुवा उभे राहतील, लोक बुवांच्या गळ्यात हार घालतील. त्यांच्या मागं, खाली मान घालून, एक माणूस पेटीवर बसलेला असतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही. आरतीचा कापूर पेटला की तेवढ्या उजेडात एकदा आण्याच्या हौशीरामांची आठवण काढा.